पाडव्याचा सर्व्हे आणि फ्रिजवरचा तक्ता

पत्र (जागेअभावी थोडं कापलंय):

"नमस्कार. मी मूळची सातारा जिल्ह्यातली, आता बरीच वर्षं न्यू जर्सीत. मुलगा सातवीत, ॲक्सिलरेटेड मॅथला आहे, म्हणजे पुढच्या इयत्तेचं गणितही आत्ताच करतो. मला दहावीला गणितात १५० पैकी १४१ होते, त्यामुळे त्याचं गणित मीच घेते. पण सध्या रोज भांडण होतंय. पहिलं म्हणजे शाळेतल्या मुलांचा आवडता खेळ कोणता यावर सर्व्हे करायचा होता. आम्ही मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात ४० मुलांना विचारलं. मी मुद्दाम त्याला सांगितलं, ओळखीच्यांना टाळ, दिसेल त्याला विचार. ३१ जण क्रिकेट म्हणाले. शाळेत ६०० मुलं, म्हणून त्यानं उत्तर काढलं ४६५. टीचरनी २० पैकी १२ दिले आणि खाली लिहिलं 'बायस्ड सॅम्पल', म्हणजे एका बाजूला झुकलेला नमुना. त्याच्या मित्रानं फक्त २५ जणांना विचारलं, त्याला १९! दुसरं म्हणजे रोटेशन. (३, −५) हा बिंदू ओरिजिनभोवती, म्हणजे (०, ०) भोवती, घड्याळाच्या उलट ९० अंश फिरवा, तर यानं लिहिलं (−५, ३). मी चार सूत्रांचा तक्ता करून फ्रिजवर लावलाय, रोज म्हणून घेते, तरी चुकतोच. आणि टीचर परीक्षेतसुद्धा ट्रेसिंग पेपर वापरू देतात, हे चीटिंग नाही का? मिस्टर म्हणतात सरळ क्लासला घालू. माझे वडील तलाठी होते, ते फोनवर हसतात नुसते. काय करू?
— वैतागलेली आई"

ताई, तुम्हाला आवडणार नाही पण आधीच सांगून टाकते, टीचरचं बरोबर आहे. सर्व्हेतही आणि ट्रेसिंग पेपरच्या बाबतीतही. आता रागावून पान बंद करू नका, पुढे वाचा, कारण तुमचे वडील का हसतायत ते मला साधारण कळलंय.

आधी सर्व्हे घेऊ. त्या ४६५ कडे एकदा नीट बघा हो. न्यू जर्सीतल्या एका मिडल स्कूलमधली ६०० पैकी ४६५ मुलं क्रिकेटवेडी असती तर शाळेनं बेसबॉलचं मैदान उखडून कधीच पिच टाकलं असतं. ३१ भागिले ४० गुणिले ६००, गुणाकार भागाकार चोख आहे, त्याचेच १२ मिळालेत असं समजा. गडबड त्याच्या आधी झालीय. मंडळाच्या कार्यक्रमाला आलेली मुलं कोण, तर मराठी घरातली, ज्यांच्या बाबांनी आयपीएलसाठी वेगळं सबस्क्रिप्शन घेतलंय ती. त्यातली निम्मी मुलं बहुतेक त्याच्या शाळेतली पण नसतील, आजूबाजूच्या गावांतनं आलेली असतील. म्हणजे प्रश्न एका घोळक्याबद्दल आणि उत्तर दुसऱ्याच घोळक्याकडनं घेतलं.

तुम्ही म्हणाल, पण दिसेल त्याला विचारलं की, आम्ही कुठे निवडलं? तिथेच तर खरी मेख आहे. दिसेल त्याला म्हणजे जो समोर आहे त्याला, आणि समोर कोण असणार हे तुम्ही हॉलमध्ये पाऊल टाकलं तेव्हाच ठरून गेलं होतं. शाळेतल्या ज्या मुलीला पाडवा म्हणजे काय हेच माहीत नाही तिला तुमच्या यादीत यायचा चान्स शून्य. रँडम सॅम्पलची अट साधी आहे पण कडक आहे, ६०० पैकी प्रत्येकाला निवडलं जायची सारखी संधी पाहिजे, आणि ती संधी नशिबानं द्यायची, आपल्या मनानं नाही. आपलं मन म्हणजे फार लबाड असतं, ते हसऱ्या चेहऱ्याकडे आधी जातं, एकट्या बसलेल्या पोराकडे जातच नाही.

शितावरून भाताची परीक्षा आपण रोजच करतो, आणि ती बरोबरही येते, कारण पातेल्यातलं पाणी सगळीकडे सारखं उकळत असतं आणि कुठलंही शीत घेतलं तरी चालतं. माणसं अशी सारखी शिजलेली नसतात. म्हणून यादी आणायची, १ ते ६०० नंबर टाकायचे आणि चिठ्ठ्या काढायच्या. चिठ्ठ्यांचा कंटाळा असेल तर कॅल्क्युलेटर आहेच की, टीआय-८४ वर रँडम इंटिजरची सोय आहे, १ ते ६०० मधले ४० नंबर मागा (एखादा नंबर दोनदा आला तर एक सोडून पुढचा घ्या) आणि मग त्या नंबरच्या मुलाला शोधून काढून विचारा, तो जिममध्ये असू दे नाहीतर लायब्ररीत. हे शोधणं त्रासाचं आहे मान्य, पण मार्क त्या त्रासालाच असतात. मित्रानं २५ जणांना विचारून १९ मार्क मिळवले ते बहुधा अशानंच मिळवले असणार, त्याला एकदा विचारायला सांगा.

आता २५ आणि ४० चं दुःख. जास्त लोकांना विचारलं म्हणजे जास्त खरं, हे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. तुम्ही राहता त्याच देशात १९३६ ला हा गैरसमज फार महागात पडला. लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकानं अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी जवळजवळ १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यांनी छातीठोक छापलं की रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. जिंकले तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्टच, तेही ४८ पैकी ४६ राज्यांत. पत्ते घेतले होते टेलिफोन डिरेक्टरीतनं आणि मोटारींच्या नोंदणीतनं. मंदीच्या काळात फोन आणि गाडी कुणाकडे, तर ज्याचं बरं चाललंय त्याच्याकडे. शिवाय ज्यांनी कष्ट घेऊन उत्तर पाठवलं ते बदल हवा म्हणणारेच जास्त. त्याच वर्षी जॉर्ज गॅलप यांनी त्यामानानं मूठभर लोकांना विचारून रूझवेल्ट सांगितलं आणि ते बरोबर आलं. ही गोष्ट तुमच्या चिरंजीवांना शाळेत कधीतरी सांगतीलच, म्हणून मी जास्त लांबवत नाही. त्यापेक्षा मला दुसरी गोष्ट सांगायचीय, तुमच्या जिल्ह्यातली.

खटाव तालुक्यात बुध नावाचं गाव आहे, तुम्हाला माहीतच असेल. तिथे १९११ साली पांडुरंग वासुदेव सुखात्मे जन्मले. फर्ग्युसनला शिकले, लंडनला पीएचडी केली आणि पुढे रोमला एफएओमध्ये, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत, सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाले. सॅम्पलिंगवरचं त्यांचं पुस्तक जगभर वापरलं गेलं. पण मला त्यांचा आवडतो तो वाद, तो पण कुणाशी तर प्रशांतचंद्र महालनोबिसांशी, ज्यांनी कलकत्त्यात इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट उभी केली. वाद होता शेतात पीक किती आलं हे कसं मोजायचं यावर. सगळं शेत कापून कोण मोजत बसणार, म्हणून नमुन्याला थोडासा तुकडा कापायचा. महालनोबिसांची माणसं छोटी गोल कापणी घ्यायची, पटकन होते, जास्त ठिकाणी घेता येते. सुखात्मे म्हणाले तुकडा मोठा घ्या, छोट्या गोलात उत्पन्न आहे त्याहून जास्त दिसतं.

का जास्त दिसतं? कापणारा माणूस चोर नसतो हो. पण जे रोप बरोब्बर कडेवर आहे ते आत धरायचं का बाहेर, असा प्रश्न आला की हात आपोआप ते आत ओढतो. आता तुमच्या १४१ मार्कांचा उपयोग करू. समजा २ फूट त्रिज्येचं वर्तुळ आहे, म्हणजे साधारण ०.६ मीटर. परीघ भागिले क्षेत्रफळ केलं तर २ भागिले त्रिज्या येतं, म्हणजे ३.३ च्या आसपास. आणि १० मीटर बाय ५ मीटरचा आयत घेतला तर परिमिती ३०, क्षेत्रफळ ५०, उत्तर ०.६. म्हणजे तेवढ्याच पिकामागे छोट्या वर्तुळाला पाचपटीहून जास्त कडा! जितकी कड जास्त तितके हे आत का बाहेरचे प्रश्न जास्त, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर एकाच बाजूला झुकणारं. अशा हजार कापण्या घेतल्या तरी चूक जात नाही, उलट चुकीच्या आकड्यावर आपला विश्वास तेवढा वाढतो. तुमच्या ४० चं पण हेच झालं, मंडळात ४०० जणांना विचारलं असतं तरी उत्तर क्रिकेटच आलं असतं, फक्त अजून ठासून.

आणि आता वडील का हसतायत ते. तलाठी होते म्हणालात ना, मग त्यांनी पीक कापणी प्रयोग नक्की केले असणार. महसूल, कृषी खातं आणि जिल्हा परिषद अशी तिघांत ती कामं वाटलेली असतात, आणि पीक विम्याचे पैसे या आकड्यांवर ठरत आलेत म्हणून गावात त्यावरनं डोकी पण फुटायची वेळ येते. गट नंबर रँडम नंबरनी निघतो, तिथे मनमानी नाही. मग शेतात गेल्यावर पण बांधाजवळचा सोयीचा किंवा बघून बघून भरघोस असा तुकडा घ्यायचा नाही. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यात उभं राहायचं, तो झाला ओरिजिन. मग रँडम नंबरची जोडी, समजा (१४, ९). लांबीच्या बाजूनं १४, रुंदीच्या बाजूनं ९ अंतर टेप धरून चालायचं, तिथे खुंटी, आणि त्या खुंटीपासून ठरलेल्या मापाचा आयत आखायचा, बऱ्याच पिकांना १० बाय ५ मीटर. दोरी ताणायची, काटकोन बघायचा, कापायचं, मळायचं, वजन करायचं. ताई, तुमच्या मुलाची दोन्ही प्रकरणं, सॅम्पलिंग आणि बिंदू, तुमच्या वडलांनी चिखलात उभं राहून एका दिवसात केलीयत, म्हणून हसतायत ते. शनिवारी तिकडे सकाळी ९ ला फोन लावा, इथे संध्याकाळचे साडेसहा असतात, आणि नातवालाच विचारू द्या की आजोबा, तुम्ही चांगला तुकडा का नाही निवडायचा. तुम्ही मध्ये बोलू नका फक्त.

घरात एक प्रयोग पण करा. १४० काबुली चणे आणि ६० राजमा एका डब्यात नीट कालवा, त्यानं डोळे मिटून २० दाणे काढायचे, राजमा मोजायचा, परत टाकायचे, परत कालवायचं. हिशोबानं ६ यायला हवेत पण ४ येतील, ८ येतील, मध्येच एखादा ३ पण येईल, आणि तो म्हणेल माझं चुकलं. चुकलेलं नसतं, एवढं हलणारच. सातवीत नेमकं हेच शिकायचंय की एका सॅम्पलवर उडी मारायची नाही, चार पाच काढायची आणि ती किती पसरतायत ते बघायचं. (तुमच्या समाधानासाठी सांगते, त्याला आत्ता नको: १०० जणांना नीट रँडम विचारलं तर टक्केवारी साधारण १० नी इकडेतिकडे होऊ शकते, ४०० ना विचारलं तर ५ नी. चौपट मेहनत केली की चूक निम्मी, आणि गाव ६० हजारांचं का ६ लाखांचं यानं त्यात फारसा फरक पडत नाही.)

बरं, आता फ्रिज.

तक्ता बरोबर आहे हो तुमचा, घड्याळाच्या उलट ९० अंशाला (एक्स, वाय) चं (−वाय, एक्स) होतं. पण तुमचा मुलगा ते पाठ म्हणतो आणि (३, −५) साठी लिहितो (−५, ३). का? कारण त्यानं 'मायनस वाय' वाचलं, वाय बघितला, त्याला मायनस आधीच लागलेला होता, म्हणाला झालं की. मायनस वाय म्हणजे चिन्ह उलटं करा, मायनस ५ चं अधिक ५ होतं, हे बारा वर्षांच्या मुलाला सूत्र म्हणताना दिसत नाही, दिसणारही नाही. बरोबर उत्तर (५, ३).

आता गंमत बघा. तुम्ही ओरिजिनपासूनचं अंतर तपासलंत तर चूक सापडणारच नाही, इकडे पण २५ अधिक ९, तिकडे पण तेच, ३४, म्हणजे अंतर ३४ चं वर्गमूळ. म्हणजे त्याचा बिंदू पडला बरोबर वर्तुळावरच, पण भलत्या जागी. त्यानं फक्त दोन आकड्यांची अदलाबदल केली, आणि अदलाबदल म्हणजे फिरवणं नाही, ती तिरक्या रेषेत, वाय बरोबर एक्स या रेषेत, धरलेल्या आरशातली प्रतिमा आहे. एकच बिंदू असला की हे कळत नाही, म्हणून त्याला एक्स अक्षाच्या खालचा त्रिकोण द्या, म्हणजे तिन्ही वायना मायनस असेल. ए, बी, सी ही नावं घड्याळाच्या उलट क्रमानं टाका आणि तिन्ही बिंदू त्याच्या पद्धतीनं फिरवायला सांगा. नवा त्रिकोण काढल्यावर ए, बी, सी घड्याळाच्या दिशेनं जाताना दिसले की त्याचं त्यालाच कळेल काहीतरी पलटी झालंय. फिरवून क्रम कधीच उलटत नाही, आरशात उलटतो.

आणि उत्तर काढायला सूत्र लागतच नाही. (३, −५) म्हणजे काय, तर ३ उजवीकडे, ५ खाली. सगळा कागद डावीकडे पाव फेरा फिरला की जे उजवीकडे होतं ते वर गेलं आणि जे खाली होतं ते उजवीकडे आलं. म्हणजे आता ३ वर, ५ उजवीकडे. लिहा (५, ३). (−२, ४) घ्या, २ डावीकडे आणि ४ वर. डावीकडचं खाली जाईल, वरचं डावीकडे जाईल, ४ डावीकडे आणि २ खाली, (−४, −२). चिन्हं आपोआप येतात, त्यांची काळजीच करायची नाही. घड्याळाच्या दिशेनं असेल तर उजवीकडचं खाली, खालचं डावीकडे. १८० ला दोन्ही उलटी. तुमचा अख्खा तक्ता यात आला. आणि पुढेमागे ओरिजिन सोडून दुसऱ्याच बिंदूभोवती फिरवायला आलं, समजा (५, ४) ला (२, ३) भोवती, तर तक्ता तिथे हात टेकतो पण ही पद्धत नाही टेकत. (२, ३) पासून बघितलं तर तो ३ उजवीकडे, १ वर. फिरल्यावर ३ वर, १ डावीकडे. (२, ३) पासून तेवढं चाला, पोचलात (१, ६) वर.

ट्रेसिंग पेपर हे फिरणं डोळ्यांना दाखवतो म्हणून देतात. ग्राफवर ठेवायचा, अक्ष आणि बिंदू गिरवायचे, ओरिजिनवर पेन्सिलीचं टोक दाबून धरायचं आणि एक्सची उजवी बाजू वायच्या वरच्या बाजूवर येईपर्यंत कागद फिरवायचा. चीटिंग कसलं, कॉमन कोअर म्हणून जो आराखडा २०१० ला आला आणि तुमच्या राज्यात आता वेगळ्या नावानं पण बराचसा तसाच चालतो, त्यात आठवीच्या भूमितीत पारदर्शक कागद किंवा सॉफ्टवेअर वापरून एकरूपता समजून घ्या असं सरळ लिहिलंय. आपण बाकोबा, कोबाको, बाबाबा घोकलं आणि त्या कसोट्यांनी त्रिकोण एकरूप ठरवले. यांच्याकडे उलटीकडनं येतात, सरकवून, फिरवून, पलटवून एक आकृती दुसरीवर तंतोतंत बसली की एकरूप. आपली बाकोबा पण युक्लिडनं एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवूनच दाखवलीय, पहिल्या पुस्तकातलं चौथं विधान काढून बघा. तेव्हा तो कागद आणि त्या चिठ्ठ्या या पोरखेळ वाटणाऱ्या गोष्टींना जरा कमी हसा, मुलगा शिकतोय तो त्यातनंच.

तक्ता फाडू नका, त्यालाच एकेक ओळ वर-खाली-डावी-उजवी करून पडताळायला सांगा, आणि तुम्ही पोळ्या करत असाल तर पाठ फिरवून करत राहा. तो अडला की लगेच उत्तर सांगायची तुमची सवय पत्रातनंच दिसतेय, रागवू नका.

टीचरना मेल टाका, पण १२ चे १५ करा असा नको. लिहा की पॉप्युलेशन (ज्यांच्याबद्दल प्रश्न होता ती सगळी मुलं) आणि सॅम्पल (ज्यांना विचारलं ती) वेगळे झाले हे आम्हाला कळलं, यादीतनं चिठ्ठ्या काढून परत केलं तर चालेल का. बरेच टीचर रीडू देतात. नाही दिला तरी ४० मुलांना विचारायला एक लंच ब्रेक आणि एक रिसेस पुरते, करूनच टाका, क्रिकेटचे किती येतात ते मला पण बघायचंय.

आणि क्लासचं मिस्टरांना सांगा, शाळा संपेपर्यंत नको. क्लासमध्ये त्याला अजून एक तक्ता देतील, तो लावायला तुमच्या फ्रिजवर जागा पण नसेल आता. सुट्टीत त्याला स्वतःला वाटलं तर बघा.